दुपारचा फॉल्ट

दिपाने मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या खालच्या तिन्ही वायरी सोडवल्या, त्यांची तोंडं एकमेकींपासून लांब केली आणि वायरींतली गळती तपासणाऱ्या मेगरचं हँडल फिरवायला घेतलं. काटा थेट शेवटाला जाऊन बसला. दुसऱ्या वायरीला तेच, तिसरीलाही तेच. मोटर धडधाकट, केबल धडधाकट. रोग कुठेच सापडत नव्हता आणि रोगी मात्र रोज दुपारी आडवा पडत होता.

"काय म्हनते मोटर?" मागे उभ्या असलेल्या किशनरावांनी विचारलं.

"काहीच म्हनत न्हाई, काका. सगळं बराबर हाय."

"बराबर हाय तर बंद काहून पडून राहिली?"

दिपाने मेगर पेटीत ठेवला, वायरी पुन्हा आवळल्या आणि ड्राइव्हचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावरची लाल अक्षरं गेली, हिरवे आकडे आले. शेडच्या दुसऱ्या टोकाला माल पुढे ढकलणारा स्क्रू फिरू लागला आणि चातकासारखी वाट पाहणारं चक्कीचं तोंड एकदाचं भरू लागलं.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, वाशिम रस्त्याला लागून किशनरावांची हळदीची मिल होती. एका अंगाला हळकुंडं घासणारा मोठा ढोल, दुसऱ्या अंगाला चक्की आणि दोघांच्या मधे लोखंडी पन्हाळीत फिरणारा लांबलचक स्क्रू. ढोलातून आलेली हळकुंडं बायका निवडायच्या, खडे बाजूला करायच्या आणि स्क्रूच्या तोंडात सारायच्या. पुढचं काम स्क्रूचं. पूर्वी त्याच्या मोटरीला साधा स्टार्टर होता, तो वर्षानुवर्षं मुकाट्याने चालला. यंदा पाडव्याला किशनरावांनी हौसेने ड्राइव्ह बसवला, म्हणजे स्क्रू हवा तसा हळू-जलद करता येईल. तेव्हापासून त्यांच्या नाकी नऊ आले होते.

ड्राइव्हचा स्वभाव संशयी. मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींतून जेवढा करंट गेला तेवढाच त्या तिघींतून परत आला पाहिजे, हा त्याचा हट्ट. ठरल्या मापापेक्षा जास्त करंट वाट चुकून जमिनीत गेला की तो काम सोडतो आणि पडद्यावर लिहितो, ग्राउंड फॉल्ट. कंपनीचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला. पहिल्या खेपेला त्याने मोटर उतरवून नवी गुंडाळायला लावली, दुसऱ्या खेपेला ड्राइव्हच बदलून दिला. तिसऱ्या खेपेला फोनवर म्हणाला, तुमच्याकडे दमट हवा असेल. वैशाखात हिंगोली जिल्ह्यात दमट हवा. किशनरावांनी फोनच ठेवून दिला.

दिपाला मिलमध्ये लागून चार महिने झाले होते. तिच्याआधी तिचे वडील प्रेमदास इथे इलेक्ट्रिशियन होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी शिडीवर चढणं सोडलं, आणि आयटीआय झालेली पोरगी त्यांच्या जागी आली. तांड्यावरची पोरगी पाना-पक्कड घेऊन मिलमध्ये, याचं पहिले आठ दिवस सगळ्यांना अप्रूप वाटलं. नवव्या दिवसापासून लोक पंखा बंद पडला तरी तिलाच हाका मारू लागले.

तिने एक चांगली सवय लावून घेतली होती. ड्राइव्ह बंद पडला की तारीख आणि वेळ वहीत लिहायची. वहीत आता सतरा नोंदी होत्या आणि सतराही दुपारी पावणेदोन ते अडीचच्या मधल्या. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. जेवणाची सुट्टी झाली, बायका परत बसल्या, मशीन सुरू झाली की थोड्या वेळाने हा फॉल्ट.

दुसरी गोष्ट दिपाच्या नाही, रुख्मिणीबाईच्या लक्षात आली. निवडणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी.

"गोजरबाई नसली की न्हाई पडत बंद," ती एकदा सहज बोलून गेली आणि जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही. दर एकादशीला गोजरबाई नरसीला नामदेवाच्या दर्शनाला जायची. त्या दिवशी मशीन दिवसभर गपगुमान चालायची. भाचीच्या लग्नाला ती चार दिवस गेली, तर चारही दिवस एक हळकुंड अडलं नाही. चारजण हसले, मग दहाजण कुजबुजले, आणि पंधरवड्यात साऱ्या मिलमध्ये पायगुणाचं नक्की झालं.

गोजरबाई पन्नाशीची, विधवा, अंगाने वाळकी. स्क्रूच्या तोंडाशी तिची जागा ठरलेली. कुणी काही म्हटलं की मोठ्याने "व्हय" म्हणायची आणि खाली मान घालून हात चालवायची. आपल्या नावाने काय चाललंय हे तिला ठाऊक नसावं.

"मी काही पायगुन-बियगुन मानत न्हाई," किशनराव आता पॅनलपाशी उभे राहून दिपाला म्हणाले. आवाज त्यांनी उगीचच खाली आणला होता. "पन मशीनच मानून राहिली त्याला मी काय करू? परवा शनिवारी तिला सांगून टाकतो. सोमवारपासून येऊ नको म्हनतो."

"काका, फॉल्ट मानसाच्या पायानं येत न्हाई."

"मग कशानं येतो ते दाखव. शनिवारपर्यंत दाखव."

ते निघून गेले. दिपाला राग आला, पण किशनरावांचा नाही. माणूस वाईट नव्हता. राग आला तो स्वतःचा, की आपण आयटीआयचा कागद भिंतीला लावून बसलो आणि एका गरीब बाईच्या पायावर खापर फुटताना आपल्याला धड बोलता येत नाही.

घरी जाताना तिला आपलीच चूक दिसली. ड्राइव्ह बंद पडल्यावर ती मेगर मारत होती. मशीन थांबलेली, बायका हात झटकून बाहेर लिंबाखाली जाऊन बसलेल्या. घरात कोणी नसताना जाऊन भांडण कशाचं आहे ते शोधण्यासारखं होतं हे. फॉल्ट पाहायचा तर तो येत असताना पाहायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी बायका यायच्या आत तिने ड्राइव्हमधून निघणाऱ्या तिन्ही वायरी एकत्र धरून त्यांच्याभोवती करंट मोजायचा चिमटा अडकवला आणि मोटर फिरवून पाहिली. तिन्ही वायरी मिळून आकडा जवळपास शून्य यायला हवा. तसा आला. नऊला बायका बसल्या, काम सुरू झालं. आकडा थोडा वर चढला आणि तिथेच थांबला. दिपाने कान टवकारले. काहीतरी जमिनीत जात होतं. थोडंसं, ड्राइव्हला खुपणार नाही इतकंच.

तिने सकाळभर पॅनल सोडलं नाही. बारा वाजले, एक वाजला, आकडा होता तिथेच. जेवणाची सुट्टी झाली. डबे उघडले, कांदा फोडल्याचा वास आला. दिपाने स्वतःचा डबा पॅनलपाशीच उभ्याने खाल्ला.

सुट्टी संपून स्क्रू सुरू झाला. पंधरा मिनिटं गेली. मग आकडा हलला, थोडा थांबला, पुन्हा चढला. दिपाने नजर वर केली आणि केबल ज्या वाटेने गेली होती त्या वाटेने डोळे नेले. भिंतीवरून, खांबावरून, स्क्रूच्या तोंडामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत.

तिथे गोजरबाई उभी होती. जेवणातून उरलेलं तांब्यातलं पाणी ती भिंतीच्या बुडाशी, जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी गजाभोवती हळूहळू ओतत होती. आणि पत्र्याच्या टोपीखाली तिच्या डोक्याजवळ लोंबणारा पिवळा बल्ब पाणी मुरेल तसा उजळत होता.

तो बल्ब दिपाने चार महिने रोज पाहिला होता. हळदीच्या मिलमध्ये सगळंच पिवळं, त्यात एक पिवळा बल्ब. दिव्यांच्या लायनीवर असेल म्हणून तिने कधी त्याची वायर कुठे जाते ते पाहिलं नव्हतं. आता दिसलं. वायर दिव्यांच्या लायनीवर नव्हती. एक टोक मोटरच्या केबलवर होतं आणि दुसरं त्या गजावर. शेतात विहिरीवर एकच फेज येत असली की लोक दुसरी वायर जमिनीत गाडतात आणि बल्ब लावतात. बल्ब मिणमिणला की गजाच्या बुडाशी कळशीभर पाणी ओततात. हे गावोगाव चालतं. ओल्या जमिनीत करंट जोरात उतरतो आणि ओतणारा बहुतेक वेळा अनवाणी असतो.

गोजरबाई अनवाणी होती.

"मावशी!" दिपा ओरडली. "मावशी, मागं सरा! पानी टाकू नका!"

निवडणाऱ्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या. गोजरबाईने नाही. ती दिपाकडे पाठ करून होती, आणि तांब्या पुरता रिकामा होईपर्यंत पाठ करूनच राहिली. तेवढ्यात टप्प आवाज झाला. ड्राइव्हवर लाल अक्षरं आली, स्क्रू थांबला आणि बल्ब विझला. बल्ब विझताक्षणी गोजरबाईने मात्र लगेच मागे पाहिलं. मग पदराचं टोक हाताला गुंडाळून तिने गरम बल्ब फिरवून काढला, भाकरीच्या फडक्यात बांधला आणि बाकीच्यांबरोबर लिंबाकडे चालू लागली. चोरीला जाऊ नये म्हणून बल्ब सोबत बाळगायची तिची रीत असावी. बल्ब निघाला की जमिनीकडची वाट तुटायची, आणि म्हणूनच दिपाचा मेगर रोज सगळं ठीक सांगत होता.

दिपा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमाला ऐकू येत न्हाई?"

गोजरबाईने तिच्या ओठांकडे पाहिलं. "व्हय," ती मोठ्याने म्हणाली. मग काय विचारलं गेलं ते उमगलं तसा तिचा चेहरा उतरला. तिने झटकन आजूबाजूला पाहिलं आणि दिपाचा हात घट्ट धरला.

"मालकाला नगं सांगू, पोरी," ती म्हणाली. तिच्या मते ती हळू बोलली होती, पण लिंबाखालच्या बायकांनाही ऐकू गेलं. रुख्मिणीबाई दुसरीकडे पाहू लागली.

सगळ्या गेल्यावर दिपा कोपऱ्यात वाकली. केबलवरचा जोड काळ्या टेपने नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळलेला होता आणि वर सुती दोऱ्याची गाठ होती. ही गाठ तिने लहानपणापासून घरच्या प्रत्येक वायरीवर पाहिली होती.

दिवस कलता कलता ती तांड्यावर पोचली. प्रेमदास बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. घरात बापलेक गोरमाटी या बंजारा बोलीत बोलत, तसेच ते आताही बोलले. दिपाने हातपाय न धुताच विचारलं, तो बल्ब का लावला होता?

प्रेमदासांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. सहा वर्षांपूर्वी गोजरबाईला मुदतीचा ताप आला होता, ते म्हणाले. ताप गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. स्क्रूत हळकुंड अडकलं की हात घालून काढावं लागतं. वरून माल भरलेला, त्यामुळे स्क्रू फिरतोय की थांबलाय ते दिसत नाही. ढोलाने सगळी जमीनच थरथरते, त्यामुळे हातालाही कळत नाही. एकदा तिची बोटं थोडक्यात वाचली. तेव्हा त्यांनी मोटरवरून हा बल्ब काढून दिला. बल्ब लागलेला असला की हात घालायचा नाही, एवढंच तिला शिकवलं. किशनरावला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी तिला घरी बसवलं असतं.

"ती रोज त्या गजाला पाणी घालते, बा," दिपा म्हणाली. "अनवाणी उभी राहून. उजेड कमी पडतो म्हणून."

प्रेमदासांचा तेलकट हात गुडघ्यावर तसाच थांबला.

"पाण्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "शेतातली बाई आहे. तिला कशाला कोणी सांगायला पाहिजे?"

दिपाला त्यांचा कळवळा आला आणि रागही आला. सहा वर्षं त्या बाईची बोटं या माणसाने वाचवली होती, आणि याच माणसाने सहा वर्षं तिला करंटवर उभं केलं होतं. निरोपाच्या दिवशी मिलने त्यांना शाल-नारळ दिलं होतं. ती शाल समोरच दोरीवर घडी घालून ठेवली होती. खरं सांगितलं तर त्यांचं नाव जाणार आणि गोजरबाईचं काम जाणार. गप्प बसलं तर पायगुणाच्या नावाखाली काम तर जाणारच होतं.

ती उठली, हातपाय धुतले आणि जेवली. जेवताना तिने वडिलांना एकच गोष्ट विचारली, जुन्या पॅनलमधला हिरवा दिवा कुठे ठेवलाय. प्रेमदासांनी बाजेखालची पेटी पायाने पुढे सरकवली.

शनिवारी ती सातलाच मिलमध्ये गेली. मेन स्विच बंद करून तिने आधी तो जोड तोडला. ट्यूबची पट्टी सोडवताना गाठ काही केल्या सुटेना, शेवटी पात्याने कापावी लागली. गज हलवून हलवून उपटला. मग ड्राइव्हमध्ये मोटर फिरत असताना जुळणारं जे छोटं कॉन्टॅक्ट असतं, त्यावरून बारीक व्होल्टेजची वायर काढली आणि स्क्रूच्या तोंडाशी, गोजरबाईच्या डोळ्यांसमोर येईल असा हिरवा दिवा लावला. मोटर फिरली की लागेल, थांबली की विझेल. हात लावला तरी झटका बसणार नाही, पाण्याचा प्रश्नच नाही. स्क्रूच्या तोंडावर तिने लोखंडी जाळीही बसवली. तिच्यातून हळकुंड जाईल, हात जाणार नाही.

गोजरबाई आली, तिने रिकामा कोपरा पाहिला आणि ती जागीच थांबली. दिपाने तिला दिवा दाखवला, मोटर चालू-बंद करून दाखवली, दोनदा. गोजरबाईने फडक्यातला बल्ब काढून तिच्यापुढे धरला. दिपाने तो परत तिच्या हातात दिला आणि घरी लावा अशी खूण केली.

दुपार झाली. पावणेदोन वाजले, दोन वाजले, अडीच वाजले. स्क्रू फिरत राहिला. बायका आधी चोरून आणि मग उघडच ड्राइव्हकडे पाहू लागल्या. तीन वाजता किशनराव आले आणि त्यांनी पॅनलवरची वही उचलली. दिपाने लिहिलं होतं: 'मोटरच्या केबलला मधेच जोडलेली जुनी वायर काढली. तिच्यातून करंट जमिनीत जात होता. मोटर चालू असल्याचा नवा दिवा लावला. स्क्रूवर जाळी बसवली.'

"कोनी जोडली व्हती ही वायर?"

दिपाने हातातला पाना खाली ठेवला. "बानं."

किशनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रेमदासनं? कशाला?"

"मोटर चालू हाय का बंद, ते दिसावं म्हनून."

"दिसावं म्हनून?" ते म्हणाले. "समोर बसल्यावर आवाज येतोच की मानसाला."

खोटं बोलायची दिपाची तयारी नव्हती आणि खरं तिचं एकटीचं नव्हतं. किशनरावांनी वही मिटली, जागेवर ठेवली आणि ते स्क्रूच्या दिशेने चालत गेले. आज शनिवार होता. ते काय सांगायला चाललेत ते सगळ्यांना माहीत होतं.

ते गोजरबाईच्या पाठीमागे दोन हातांवर उभे राहिले.

"गोजरबाई."

तिचे हात चालत राहिले. शेजारच्या रुख्मिणीबाईने तिला ढोसायला कोपर उचललं, तर किशनरावांनी तळहात दाखवून तिला थांबवलं.

"गोजरबाई," ते पुन्हा म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. एकही बाई हळकुंडाला हात लावत नव्हती. एक सोडून.

किशनराव थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मग हिरव्या दिव्याकडे, मग जाळीकडे. ते वळले, पुन्हा पॅनलपाशी आले आणि दिपाकडे न बघता त्यांनी स्वतः बंदचं बटण दाबलं.

दिवा विझला. गोजरबाईचे हात त्याच क्षणी मागे आले. तिने मान वर केली आणि वळून पाहिलं.

किशनराव परत गेले, पण या वेळी मागून नाही. वळसा घालून ते तिच्या समोर गेले, थोडे वाकले आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा करत बोलले, आजवर ते कुणाशीच तसं बोलले नव्हते.

"सोमवारी. टायमावर. ये."

गोजरबाई त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. शेवटचा शब्द तिने दोनदा स्वतःशी पुटपुटून पाहिला, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय, मालक," ती ओरडली.

परत जाताना किशनराव दिपापाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"तुज्या बाला म्हनावं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं, "इतक्या वरसांत एकदा मला इचारायचं तरी."

मग ते ऑफिसात गेले. दिपाने बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि बायकांनी पुन्हा हळकुंडांत हात घातले.